दांडा फोडला तेव्हा

खाजणाचं पाणी हिरवं पडलं आणि मासे तोंड वर काढून मरायला लागले, तेव्हा थोरल्याच्या डोक्यात एकच भुंगा शिरला: दांडा फोडायचा. दांडा म्हणजे लाटांनी आणून टाकलेली वाळूची लांबलचक पट्टी. तिच्या अलीकडे नदीचं पाणी साचून झालेलं खाजण, पलीकडे समुद्र. नदीला जोर असला की ती स्वतःच दांडा फोडून समुद्रात जाते. जोर ओसरला की लाटा वाळू टाकून ते मुख बुजवतात. यंदा नदी आळशासारखी पडून होती आणि मुख कधीच बुजलं होतं.

दरवेळी वस्तीतले सगळे मिळून नदीच्या अगदी समोर दांडा फोडायचे. तिथे तो चांगलाच रुंद, खणता खणता कंबरडं मोडायचं. यंदा निम्मी माणसं पोटामागे शहरात गेलेली. म्हणून थोरल्याने टोकाकडची चिंचोळी जागा धरली. तिथून हाकेच्या अंतरावर त्याच्या धाकट्या भावाचं घर होतं.

"दादा, इथे नको," धाकटा म्हणाला. "लाटा वाळू आणतात त्या वरच्या अंगाने. मुखाची ती बाजू भरत जाणार आणि माझ्याकडची ढासळत जाणार. सरकत सरकत पाणी माझ्या दारात येईल."

"नदीत आहे का तेवढा दम? पाणी बदललं की लाटाच बुजवतील. तू जन्माचा भित्रा!"

थोरल्यापुढे धाकट्याचं कधी काही चाललं होतं? वर फावडंही उचललं त्याने. असल्या माणसाला काय म्हणावं!

दांडा फुटला, समुद्र आत आला, मासे आले. थोरला मिशीतल्या मिशीत हसत फिरला. आणि मग वर डोंगरात पाऊस कोसळला.

नदी खडबडून जागी झाली. लाटा एका काठाला वाळू लावत होत्या, नदी दुसरा काठ कुरतडत होती. आधी जाळी वाळवायचे खांब गेले, मग न्हाणीघर. वाळूची पोती टाकून टाकून थोरल्याचे हात सोलले. नदीने पोतीही गिळली. भांडी, अंथरुणं, देवळीतला आरसा एवढंच हाती लागलं. घराची भिंत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसली. धाकट्याची बायको नुसती बघत राहिली. थोरल्याला स्वतःची किळस आली.

आता धाकटा बायकोसह थोरल्याच्या पुढच्या खोलीत राहतो. एका शब्दाने तो भावाला बोलला नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर थोरल्याच्या घशाखाली घास उतरला असता.

घर होतं तिथे आता खोल पाणी आहे. पडलेल्या भिंतींच्या आडोशाला मासे जमतात, आणि सगळी वस्ती तिथेच जाळं टाकते. थोरला ती जागा टाळून होडी न्यायचा. पण दोन चुली एक झालेल्या, बाकी खाजणात फारसं मिळेना. शेवटी एका सकाळी त्याने तिथे जाळं टाकलं. ते खाली कशात तरी अडकलं. त्याने वैतागून जोरात हिसका दिला.

"हळू, दादा," मागे वल्हं धरून बसलेला धाकटा म्हणाला. "तिथे स्वयंपाकघर आहे."