वाल्मिकचा खांदा आणि भिकाचा नवस

वाल्मिकने खांदा घालवला तो कशासाठी, तर आरशासाठी. ब्याण्णव साली सिल्वासाच्या बाजारामागे नवी जिम निघाली, तिला भिंतभर आरसा होता. एका संध्याकाळी चार जण बघत उभे राहिले म्हणून या शहाण्याने बारला दोन प्लेटा जास्तीच्या चढवल्या आणि बार डोक्यावर नेला. खांद्यात कट्‌कन आवाज झाला. महिनाभर वजनाला हात लावू नको, असं जिमच्या उस्तादाने बजावलं.

दुसऱ्या दिवशी सिल्वासाजवळच्या मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात तो आणि भिका बॉबिनची पेटी उचलत होते. भिका त्याच्याच गावचा, धुळ्याकडचा, पन्नाशीला टेकलेला. त्यानेच शब्द टाकून वाल्मिकला इथे चिकटवलं होतं. वाल्मिकचं जेवणही त्याच्याच खोलीवर असे. भिकाच्या हातून पेटी जरा निसटली, भार वाल्मिककडे आला आणि तो कळवळून खाली बसला.

"मन्ही चूक शे भो, मन्हाच हात सुटना!" भिका पांढराफटक पडला होता.

वाल्मिक गप्प राहिला. आपण खोटं कुठे बोललो, अशी त्याने मनाची समजूत घातली.

त्या दिवसापासून भिका पेट्या एकटाच ओढू लागला. त्याची बायको सरुबाई रोज आंबेहळदीचा लेप गरम करून द्यायची. भिका तर एकवीरेला नवस बोलला, वाल्मिकचा खांदा बरा होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. आणि हा पठ्ठ्या आठ दिवस दम धरून पुन्हा जिममध्ये हजर! कमावलेले दंड उतरतील ही धास्ती. खांदा जरा बरा व्हायचा, हा बार उचलायचा, की पुन्हा ठणका सुरू. असे दोन महिने गेले. मे उजाडला. डांबरी रस्त्यावरून भिका अनवाणी यायचा, टाचेला चिंधी बांधून, लंगडत. त्याच्या मागून चालताना वाल्मिकला स्वतःच्या पायातल्या बुटांची लाज वाटायची. तो मुद्दाम उशिरा निघू लागला.

एके दिवशी दुपारी खोलीवर जेवताना सरुबाई भिकाच्या टाचेतला लोखंडाचा कीस सुईने काढत होती. रक्त आलं. वाल्मिकने हातातला घास ताटात ठेवला.

"भाऊ," तो खाली बघत म्हणाला, "तुन्ही काही चूक नही. आदल्या दिवशी मी जिममा वजन उचली ऱ्हायंतू, तठेच गया खांदा. आते बी जास मी तठे."

भिका हसला.

"जिममा अंग तयार व्हस भो, मोडत नही. मन्हा नवस सुटाले पाहिजे म्हणीसन खोटं बोली ऱ्हायना तू." तो सरुबाईकडे वळला. "आयकं का वं, कितलं मोठं मन शे या पोऱ्यानं!"

सरुबाईने पदराने डोळे टिपले आणि वाल्मिकच्या भाकरीवर तुपाची धार धरली.

चला जिमवर, उस्तादालाच विचारा, एवढं म्हटलं की झालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आत्ताच मोठ्या मनाचा म्हणून नावाजलं गेल्यावर त्या दोघांच्या नजरेतून उतरायचं बळ त्याच्या दंडांत नव्हतं. शरमेने कान तापले, तरी तो मुकाट्याने तुपाची भाकरी जेवला. भोंगा झाला तसा भिका उठला आणि अनवाणीच उन्हात चालू लागला.