कोठडीचं कुलूप आणि पेटीतली बेडी

मी एक जुनं कुलूप आहे. मित्रांनो, माझ्या नुसत्या आवाजाने अट्टल गुन्हेगार थरथर कापत. खरं सांगायचं तर कापणारा एकच होता, आणि त्याला हिवताप होता.

बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी कोठडीच्या दारावर मी साठेक वर्षं इमानाने लटकलो. पुढे कोठडी नव्या इमारतीत गेली आणि जुनीत तुरुंगांच्या इतिहासाचं संग्रहालय झालं. वाटलं, आता आपले दिवस आले.

आले ते बेडीचे. दालनाच्या मधोमध काचेची पेटी, पेटीत पिवळा दिवा, खाली पाटी: 'कैद्याच्या पायातील बेडी, निजामकाळ'. संग्रहालय सांभाळणारे सोमेश्वर सर तिला रोज मऊ फडक्याने पुसायचे. सहलीची पोरं हात मागे बांधून तिच्याशेजारी फोटो काढायची. मला पाटी नाही की थेंबभर तेल नाही. पहारेकरी शहादेव माझ्यावर डब्याची पिशवी अडकवायचा. माझा गंज पावसाळ्याचा आहे असं तो समजायचा. निम्मा तरी त्या बेडीचा होता. एकदा तरी त्या पेटीपर्यंत पोचायचं, एवढीच माझी इच्छा होती.

गेल्या महिन्यात कडूबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, सोबत अंबाजोगाईला कॉलेजात शिकणारी नात अंजू. कडूबाईंचे वडील सटवा मेंढरं राखायचे. मेंढरं सरकारी गवतात शिरली म्हणून ते अकरा दिवस माझ्याआड होते. हिवताप त्यांनाच होता. बाप कुठे बसायचा, ते बघायला म्हातारी आली होती.

सरांनी आधी बेडीच दाखवली. तुमच्या वडिलांच्या पायात हीच असणार, म्हणाले. म्हातारी वाकून बराच वेळ बघत राहिली. आता हिच्यासाठी रडणारही, असं म्हणत मी जळत होतो.

"अंजे, ही आपल्या चांदी म्हशीची साखळी हाय," ती म्हणाली. "ही कडी तुटलती तवा तुझ्या आज्यानं तार वळलती. पाटोद्याच्या बाजारातून चोरीला गेलती."

सर घाम पुसत म्हणाले, भंगारवाल्याने जुनी म्हणून दिली होती.

"म्हस बी जुनीच व्हती," कडूबाई म्हणाल्या.

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग त्या दाराशी आल्या, पिशवी बाजूला केली आणि मला तळहातावर घेतलं.

"आबाच्या पायात काईच नव्हतं. शिपाई मला आत सोडायचा न्हाई. मग मी भाकरीचं गठुडं ह्या कुलपाला अडकवायची, अन् आबा गजातून हात काढून घ्यायचा."

अंजूने सरांना हे लिहून घ्यायला सांगितलं. सर म्हणाले, लेखी पुरावा लागतो.

"साखळीचा होता का, सर?"

सर छताकडे बघू लागले.

साखळी कडूबाईंबरोबर गेली. घरी म्हशीची रेडी आहे, तिला बांधायला हवी म्हणे. दुसऱ्या दिवशी सरांनी मला दारावरून उतरवलं, घासलं, तेल दिलं आणि थेट पेटीपाशी नेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना पिवळा दिवा नसला तरी चालतो. आपण कशासाठी होतो हे ठाऊक असलेलं एक माणूस लागतं, आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. लवकर विचारून घ्या.

पेटीत पुन्हा चोरीचा माल येऊ नये म्हणून सरांना तिच्यासाठी कुलूप हवं होतं. मी आता पेटीला बाहेरून आहे. आत काही नाही.