जास्तीचा उजेड

नव्वद सेकंद झाले, दिवा आपोआप विझला, आणि तिने इकडेतिकडे बघून बटण पुन्हा दाबलं.

लाल उजेड काचेच्या बशीवर पडला. बशीत तिच्या आईच्या हाडातल्या मज्जेतून काढलेल्या मूळ पेशी होत्या. उजेडाच्या मदतीने त्या हाड बनण्याच्या वाटेला लागल्या, की आईच्या मांडीतल्या न जुळणाऱ्या हाडात भरायच्या होत्या. प्रयोगशाळेतल्या बश्या सांभाळणं हेच तिचं काम. बाकीच्या बश्यांना ती एक सेकंद इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. पण ही आईची बशी. पोटच्या पोरीने आईला वाढताना हात आखडता घ्यायचा होय? दुपारी सगळे जेवायला गेले, की ती रोज एकदाऐवजी तीनदा बटण दाबायची.

अति तिथे माती, हे तीच बारा वर्षं नवशिक्यांना शिकवत आली होती.

अकराव्या दिवशी पेशी तळ सोडून तरंगायला लागल्या. सगळ्या मेल्या होत्या.

डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवलं. आई चाकाच्या खुर्चीत होती.

"उजेडात काही कमीजास्त झालं का?" त्यांनी तिला विचारलं. "तसं असेल तर पुन्हा मज्जा काढू, नवी बशी लावू. रोज नव्वद सेकंदच दिलेत ना?"

बश्यांशी मनमानी करणाऱ्या एकाला त्यांनी मागच्याच वर्षी घरी बसवलं होतं.

"नव्वदच," ती म्हणाली.

"तिला काय विचारता, डॉक्टर?" आई हसली. "ही घरात मीठसुद्धा मोजून टाकते."

"मग पेशींतच दम नाही. वय झालं. पुन्हा सुई टोचून तुम्हाला छळण्यात अर्थ नाही, आजी. पाय आता असाच राहणार."

अजून वेळ गेली नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. पण ती ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत बसली.

बाहेर लांबलचक व्हरांड्यात ती खुर्ची ढकलत होती.

"माझ्याच हाडात खोट निघाली गं," आई म्हणाली. "तुझे सगळे कष्ट मातीत घातले मी. रागावलीस?"

"जाऊ दे आई. झालं ते झालं."

आईने हात मागे नेऊन तिचा हात थोपटला. लेकीने माफ केलं म्हणून तिला हायसं वाटलं होतं.