मुख्य चावी बंद होती तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठ थोडी फुगली आहे आणि दुपार होईतो माझा दम संपतो. खरे तर आता बोलण्याचाही शीण होतो. पण एक गोष्ट तुमच्या कानावर घातलेली बरी.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जण एका सरकत्या पट्ट्यावर तयार झाले. मला एका शिक्षिकेने घेतले. आपण तिला ताई म्हणू. पहिली दोन वर्षे ती मला मऊ फडक्याने पुसत असे. मग तिने नवा मोबाइल घेतला आणि मी तिच्या बाबांकडे आलो.

बाबा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. छत्तीस वर्षे त्यांनी गल्लोगल्ली लोखंडी चाव्या फिरवून पाणी सोडले आणि बंद केले. कुठे विनाकारण चावी उघडी दिसली, की त्यांचा जीव खालीवर होई.

ताईने त्यांना माझ्या सेटिंग्ज शिकवल्या. वाय-फाय म्हणजे घरातले इंटरनेट, डेटा म्हणजे घराबाहेरचे, आणि ब्लूटूथने मी जवळच्या यंत्रांशी बोलतो.

"आणि बाबा, या विमानाच्या खुणेला हात लावायचा नाही. तिनं सगळंच बंद होतं, येणारे फोनसुद्धा."

"म्हणजे मुख्य चावी! मग तसं सांग की. विमान कशाला उडवतेस?"

तेव्हापासून रोज दुपारी जेवून झोपण्याआधी बाबा वाय-फाय, डेटा, ब्लूटूथ एकेक करून बंद करत आणि उठल्यावर पुन्हा उघडत. त्या उघडझापीने मी पार कंटाळून गेलो. तरी मुख्य चावीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

घरात आईही होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची बुबुळे पांढुरकी झाली होती. समोर माणूस उभा आहे एवढेच त्यांना कळे, कोण ते कळत नसे. रुग्णालयाच्या यादीत त्यांचे नाव होते. कुणी दान केलेले बुबुळ मिळाले, की फोन येणार होता आणि लगेच निघायचे होते. अर्जावर नंबर माझाच होता.

एका मंगळवारी माझी बॅटरी झरझर उतरू लागली. वयच झाले होते माझे, दुसरे काय!

"अगं, याची बॅटरी कुठंतरी गळतेय," बाबा म्हणाले.

"गळू दे. चार्जरला लावा आणि पडा जरा."

"असं कसं? गळती दिसली की आधी मुख्य चावी बंद करायची, मग शोधायचं. आयुष्यभर हेच केलं मी."

त्यांनी विमानाची खूण दाबली, मला चार्जरला लावले आणि गळती शोधता शोधता त्यांचा डोळा लागला.

मित्रांनो, त्यानंतर घराबाहेरचे मला काहीच ऐकू आले नाही. चार वाजून गेल्यावर आई म्हणाल्या, "अहो, उठा! हा आज इतका गप्प का?"

बाबांनी खूण पुन्हा दाबली. मला नेटवर्क मिळाले आणि संदेशांमागून संदेश आले. चार फोन येऊन गेले होते. बाबांनी लगेच त्या नंबरला फोन लावला.

"काका, किती वेळा लावला!" परिचारिका म्हणाली. "चारपर्यंत थांबलो. मग पुढच्या पेशंटला बोलावलं. यादीत काकूंचं नाव अजून वरच आहे, पण तुमचा फोन लागला तर पाहिजे ना!"

बाबांनी मला मेजावर ठेवले. "अगं, मीच..."

"माझी पाळी आली होती," आई म्हणाल्या, "आणि तुम्ही घोरत होतात." त्यांनी मला चाचपडत शोधून बाबांच्या हातात दिले. मग म्हणाल्या, "ताईचाही नंबर द्या तिथं. आजच द्या."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्या खुणेने सगळेच बंद होते, तिला बोट लावण्याआधी दोनदा विचार करा. कुणाच्या फोनची वाट पाहत असाल, तर आपल्या मोबाइलचे नेटवर्क चालू आहे ना, ते अधूनमधून बघा.

आता दुपारी बाबा झोपत नाहीत. मी आईंच्या मांडीवर पडून असतो.

"रेंज आहे का हो?" त्या विचारतात.

बाबा चष्मा चढवून वाकून बघतात. "आहे. पूर्ण आहे."

मी फार थकलो आहे. मला कपाटात टाकून द्या, माझी तक्रार नाही. फक्त तो फोन येऊन गेल्यावर टाका.