विहिणीचे लाडू

सुंदरबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी दडपला. तेवढ्यात ऑस्ट्रेलियातून योगेंद्रचा फोन आलाच.

"माय, लाडू काढी टाक. तूपनं, बी, धान्य, आठे ऑस्ट्रेलियामा काहीच चालत नही. इमानतळवर बॅग उघाडतस."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. डबा मात्र जागचा हलला नाही. सुनेच्या, यामिनीच्या, पहिल्या बाळंतपणाला तिची आई, तळोद्याच्या रंजनाबाई, गेल्या होत्या; या खेपेला पाळी सुंदरबाईंची होती. जावयाने लाडू चार दिवसांत फस्त केले, असं परतल्यावर आल्यागेल्याला सांगत होत्या. मग आताच बरा कायदा निघाला! कायदा कसला, सगळं यामिनीचं डोकं.

"तिले मन्हा हातनं नको शे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दुपारी रंजनाबाई निघणाऱ्या विहिणीची ओटी भरायला तिच्या गावी, कळसाडीला आल्या. बॅगेतला फुगवटा दिसताच त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, हाई लई जाऊ नका."

"तुमना चालनात, मन्हा काबर नही?"

रंजनाबाईंनी दार लोटून घेतलं. "मन्हा बी चालनात नही. इमानतळना फॉर्मवर मी खावानं काहीच नही अशी खूण करी. त्यासनी डबा उघाडा नि मन्हासमोर कचरामा टाकी दिना. माले चोरसारखं उभं करं."

"नि तुम्हीनी त सांगेल व्हतं..."

"काय तोंड दखाडतू गावले? जवाईनी बी कोनले सांगं नही."

मायलेकींचं हे संगनमत तर नसेल? सुंदरबाई विहिणीकडे रोखून पाहत म्हणाल्या, "यामिनीनी आन ल्या."

रंजनाबाईंनी डोळे मिटले. "यामिनीनी आन."

दिवस भरलेल्या लेकीची खोटी शपथ कोणती आई घेईल? आपण हे काय मागून बसलो, याची सुंदरबाईंना भयंकर लाज वाटली. त्यांनी डबा उपसून काढला, एक लाडू विहिणीच्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. दोघी खात बसल्या.

जीप दारात आली. सुंदरबाईंनी पदर पसरला. रंजनाबाईंनी सवयीने सुपातले गहू ओंजळीत घेतले आणि त्या थबकल्या. गहू परत सुपात सोडून त्यांनी रिकामी ओंजळ पाच वेळा पदरात उपडी केली.

सुंदरबाईंनी पदराला घट्ट गाठ मारली आणि ती दोन्ही हातांनी सांभाळत त्या जीपमध्ये चढल्या.