फुप्फुसांची शर्यत

आई शाळेत खेळाची शिक्षिका होती. ती निवृत्त झाली, तिचं स्टॉपवॉच आणि शिट्टी झाली नाहीत. आमच्या घरात दूध उतू जायलाही तिची परवानगी लागे.

मग तिला स्क्लेरोडर्मा झाला. कातडी टणक होत गेली, बोटं वाकेनात, ओठ पुरते मिटेनात. सुरकुत्या मात्र ताणून नाहीशा झाल्या. शेजारीण क्रीमचं नाव विचारायला आली. "क्रीम नाही, आजार आहे. देऊ का थोडा?" आई म्हणाली.

पुढे धाप लागायला लागली. आजार फुप्फुसांत शिरलाय का, हे बघायला डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली. किंचित किरणोत्सारी औषधाचा फवारा श्वासाबरोबर आत घ्यायचा आणि तो फुप्फुसांतून किती वेगानं निघून जातो, ते कॅमेऱ्यानं टिपायचं. निरोगी फुप्फुस त्याला सावकाश सोडतं, सुजलेलं भराभर. हे सगळं मी आईला समजावलं. शर्यत आहे एवढंच तिनं ऐकलं.

टेक्निशियननं तिच्या नाकाला चिमटा लावला. फवाऱ्याची नळी काही ओठांत बसेना.

"आजी, तोंड घट्ट मिटा."

"मिटलं असतं तर इथं कशाला आले असते?" आई गेंगाण्या आवाजात म्हणाली. "आणि आजी तुझी घरी. मला मॅडम म्हण."

मग तिनं नळी ओठांच्या कोपऱ्यात, दाढांमध्ये दाबून धरली. बाबांना बोलावायची शिट्टी ती हल्ली अशीच वाजवायची. फवारा जराही बाहेर गेला नाही.

कॅमेऱ्यापुढे ती निश्चल पडून राहिली. पायाचे अंगठे तेवढे पळत होते.

"कितवी आले?" संपल्यावर तिनं विचारलं.

टेक्निशियन पडद्याकडे बघत बोलून गेला, "भलतंच भरभर गेलं हो."

"ऐकलंस?" आई माझ्याकडे वळली. मी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात.

बाहेर मी खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. वरून आवाज आला, "सगळ्यांत मागे राहिलेल्या पोरासाठी मी अशाच टाळ्या वाजवायचे. मला काय फसवतेस?"

मी गाठ मारत राहिले.

"भरभर म्हणजे वाईट. तू सांगितलं होतंस, आत पडल्या पडल्या आठवलं. आता पुढे काय?"

"औषधं. मग पुन्हा हीच तपासणी."

"म्हणजे फुप्फुसांना रेंगाळायला शिकवायचं," ती म्हणाली. "सगळा जन्म पोरांना उलटं शिकवण्यात गेला की गं."

औषधांनी केस विरळ झाले, तोंडाची चव गेली. बाबांवरचा राग तेवढा शाबूत राहिला. दुसऱ्या तपासणीला टेक्निशियन तोच होता. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"या वेळी अगदी रमतगमत चाललंय, मॅडम."

आईनं टाळ्या वाजवल्या. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज आला. "अगं, वाजव की," ती मला म्हणाली, "या खऱ्या आहेत."

त्यानंतर ती काही वर्षं छान रेंगाळली. शेवटी मात्र फुप्फुसांची जुनी घाई परतली आणि तिला घेऊन गेली.