सुगंधानंदांची अकरावी बरणी

शामियान्यात दोनशे चौदा माणसं होती. मैत्रेयीने दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा तोच आला. व्यासपीठावर अकरा बरण्या होत्या, चमचे दोनच. एकाच्या तोंडातून निघालेला चमचा बादलीत बुडे आणि पुढच्याच्या तोंडात जाई. दहा बरण्या बर्फाच्या पेटीत होत्या. अकरावी धुनीच्या कडेला, निखाऱ्यांजवळ होती.

"बंद नाक, बंद नसीब!" सुगंधानंद महाराज माइकवर गरजले. "साइनस, दमा, शुगर, कोर्ट-कचहरी, सब इसी रास्ते से बाहर!"

"कोर्टकचेरी नाकातून?" मैत्रेयी पुटपुटली.

"गप गं," शेजारच्या सुरेखाकाकूंनी कोपर मारलं. "एमएस्सी झालीस म्हणून सगळं कळतं का?"

२००२च्या जानेवारीतला रविवार होता. फरीदाबादच्या त्या मैदानावर मैत्रेयीला तिच्या आईने, शालिनीताईंनी, ओढून आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी मथुरा रोडवर स्कूटर उलटली. वडील, हरिदास, जागीच गेले. आई वाचली, पण डोक्याला मार बसला आणि तिला वास येईनासा झाला. नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटलेत, दोन वर्षांत परत आला नाही तर आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आईचा नंबर आला. महाराजांनी बर्फातल्या बरणीतला पांढरा लगदा तिच्या जिभेवर ठेवला. क्षणभर काहीच नाही. मग ती ताडकन मागे सरकली. डोळे वाहू लागले, हात नाकाशी गेला.

"आला! मैत्रू, वास आला गं! इथे, अगदी वरपर्यंत!"

"जय हो!" मांडव दणाणला.

"पण यात आहे काय?" मैत्रेयीने हिंदीत विचारलं.

महाराज हसले. त्यांनी नुसती भुवई उडवली आणि चेल्याने धुनीजवळच्या बरणीत चमचा बुडवला. मैत्रेयीच्या जिभेवर आंबट, खारट, पचपचीत असं काहीतरी पडलं. झोंबलं काहीच नाही.

"क्यों बेटी, कुछ नहीं? जिसके मन में शंका, उसका प्रसाद गूँगा!"

लोक खदखदून हसले.

नोएडाला घरी परतताना बसमध्ये आईचं बोलणं थांबतच नव्हतं. घरात एक ट्रंक होती. हरिदासांचे न धुतलेले कपडे त्यात होते. उघडली तर त्यांचा वास उडून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, म्हणून आईने ती दोन वर्षं उघडली नव्हती.

"पुढच्या रविवारी दुसरा चमचा, मग घरी जाऊन ट्रंक उघड, असं म्हणालेत महाराज."

"आणि वास आला नाही तर?"

"तर माझी श्रद्धा कमी पडली. नाहीतर..." आई खिडकीबाहेर बघू लागली. "नाहीतर तुझे बाबा माझ्यावर रुसलेत, असं म्हणालेत. खरंच आहे ते. त्या दिवशी लवकर चला, लवकर चला, म्हणून घाई मीच केली होती."



महाराजांच्या बरण्यांवरचं लेबल खरवडलेलं होतं, पण एकीवर हिरव्या पानाचा कोपरा राहिला होता. आयातीवरची बंधनं उठल्यापासून दिल्लीतल्या साउथ एक्स्टेंशनच्या दुकानांत परदेशी बाटल्यांच्या रांगा लागल्या होत्या. मंगळवारी तिथेच तिला ते पान सापडलं. तिने बरणी आईपुढे ठेवली आणि लेबल वाचून दाखवलं. "हॉर्सरॅडिश सॉस. म्हणजे एका तिखट मुळाचा कीस, व्हिनेगर, मीठ. मोठ्या चमच्यात सात कॅलरी, किंचित क जीवनसत्त्व. भाजलेल्या मांसाबरोबर किंवा उकडलेल्या बटाट्यांवर साईत कालवून घ्यावं. शिजवू नये, तिखटपणा जातो."

"असेल. महाराजांनी त्यावर मंत्र घातलाय."

"बरं. मग आज मोहरी फेस."

"दोन वर्षं नाही फेसली गं. नाकाशिवाय कशी जमली ते कसं कळायचं?"

"जमेल तशी फेस."

आईने मोहरी वाटली, गार पाण्याचे थेंब घालत फेसली आणि बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. डोळे भरले. हात नाकाशी गेला. ती हळूच खुर्चीवर टेकली.

"हे... हे तर तेच."

"तोच पदार्थ आहे, आई. मोहरी चेचली की तयार होतो, ते मूळ किसलं तरी तोच तयार होतो. वास एका नसेने जातो, झोंबणं दुसरीने. ती दुसरी तुझी शाबूत आहे. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतंच ना तुझ्या?"

"आणि तुझा चमचा?"

"माझा धुनीजवळच्या बरणीतला. गरम झालं की झोंब उडून जाते. प्रश्न विचारणाऱ्यांसाठी ठेवलीय ती."

आईने मोहरीची वाटी झाकून ठेवली.

रविवारी ती फरीदाबादला गेली ती स्टीलच्या डब्यात फेसलेली मोहरी घेऊन. रांगेतल्या बायकांच्या जिभेवर तिने चिमूट चिमूट मोहरी ठेवली. एकेकीचे डोळे वाहू लागले.

"मैंने कोई मंत्र नहीं पढ़ा," आई म्हणाली. "घर की राई है."

चेला अकरावी बरणी उचलायला धावला, पण सुरेखाकाकूंनी आधीच तिच्यात बोट घातलं होतं. "अगंबाई, ही तर पचपचीत!" मग त्यांनी बर्फातली चाखली आणि ठसका लागून खालीच बसल्या.

"पाखंडी औरतें!" महाराज ओरडले.

आई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. हिंदीत सुरुवात केली, पुढे मराठीच तोंडात आली. "दुःख आहे म्हणून विचारणं सोडू नका. मी सोडलं होतं. घरी जा, करून बघा. ज्याला प्रश्न चालत नाहीत, त्याच्या हातचं खाऊ नका. आणि गेलेलं माणूस तुमच्यावर रुसलंय असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा, तुला कसं कळलं?"

एकसष्ट माणसं उठून गेली. बाकीची रांगेतच राहिली.

संध्याकाळी आई ट्रंकेसमोर बसली. कडीला तिने हात लावला नाही.

"मैत्रू, थोडा तरी परत आला असेल ना? अगदी थोडा? तू मोज. तुझ्या पद्धतीने."

मैत्रेयीने दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत कॉफीची पूड घातली, दुसरी रिकामी ठेवली. कॉफी झोंबत नाही, तिला फक्त वास असतो. तिने आईच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. दर वेळी नाणं उडवून कुठली बाटली आधी धरायची ते ठरायचं, आणि कॉफी कशात आहे ते आईने सांगायचं.

"वास येत असेल तर वीसच्या जवळपास बरोबर येतील," मैत्रेयी म्हणाली. "येतच नसेल, तर नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास."

"कळलं. धर."

आई प्रत्येक वेळी खोल श्वास घ्यायची, थांबायची आणि खात्रीने सांगायची. मैत्रेयी वहीत खूण करत गेली.

वीसपैकी नऊ उत्तरं बरोबर आली.